शिडीची हजेरी

१२ जानेवारी

बारक्या,

तुझं जहाज आत्ता कुठल्या समुद्रात आहे ते तुझ्या कप्तानालाच ठाऊक. कंपनीने दिलेल्या पत्त्यावर हे टाकते आहे, पुढच्या बंदरात मिळेल म्हणाले. फोन का नाही केला असं विचारशील. फोन वाजला की आई माझ्याआधी उचलते, आणि मी उचललाच तर खांद्याला खांदा लावून उभी राहते. तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही, आणि फोनवर एवढं लिहिणं मला जमत नाही, म्हणून हा जुना उद्योग. अक्षर लागत नसेल तर भिंगातून वाच. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून माझी बोटं आखडतात, त्याला इलाज नाही.

बातमी अशी की समोरचं अग्निशमन केंद्र हलणार आहे. मोठ्या रस्त्याला नवी इमारत तयार झाली आहे. इथून बंब बाहेर काढायचा म्हणजे दोन्हीकडच्या दुकानदारांच्या हातापाया पडावं लागतं, त्यामुळे हलणार ते बरोबरच आहे. आणि रिकाम्या झालेल्या आवारात स्मृतिस्थळ करायचं घाटतंय. दहावं वर्ष ना हे. त्या दिवशी देशात तीन शहरांत एकाच सकाळी बॉम्ब फुटले, त्यातलं एक आपलं. बाजाराच्या इमारतीत जे गेले ते, आणि त्यांना काढायला गेलेले आपल्या केंद्रातले तिघे, दादा धरून, अशी सगळ्यांची नावं एका मोठ्या दगडावर घालणार आहेत. मूळ जागी तर आता नवी दुकानं झाली, तिथे कुणी फूल ठेवलं तर झाडूवाला उचलून नेतो.

समितीचे लोक घरी येऊन गेले. घरच्यांची संमती लागते म्हणे. आईची सही घ्यायची म्हणत होते, मी म्हटलं तिला त्रास नको, आम्ही दोघं भावंडं आहोत. त्यांचा कागद तुला येईल. घाईने सही करू नकोस, मला आधी जरा विचार करू दे.

कारण तुला फालतू वाटेल. कारण हजेरी. तुला आठवत असेल, सकाळी पाळी बदलताना समोर हजेरी होते, आणि ती नावाने नाही, कामाने. ‘चालक?’ ‘हजर.’ ‘पंप?’ ‘हजर.’ ‘नळी?’ ‘हजर.’ ‘शिडी?’ ‘हजर.’ जुन्या साहेबांनी पाडलेली रीत. धुरात माणसाचं नाव घेऊन काय करायचंय, कुणाच्या हातात काय आहे ते कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे. दादा शिडी होता. तो गेला, दुसरा आला, त्याची बदली होऊन तिसरा आला, हाक तीच राहिली. आई चहाचा कप घेऊन बाल्कनीत ती ऐकत बसते. केंद्राची भिंत उंच, दिसत काही नाही, पण आवाज सगळा येतो. आता तिच्या अंगवळणी पडलंय ते. या वयात लागलेली सवय मोडली की माणूस बिघडतं. एवढंच.

बाकी ठीक. आई म्हणते, बारक्या वंगणाचे हात अजून चादरीलाच पुसत असणार.

तुझी ताई


३० जानेवारी

ताई,

तुझं पत्र आणि समितीचा कागद एकाच बंदरात, एकाच थैलीतून आले. माझं नशीब असं की मी आधी कागद उघडला. बोट संध्याकाळी सुटणार होती, कंपनीचा माणूस दारात उभा, मी सही केली आणि त्याच्या हातात दिला. मग निवांत बसून तुझं पत्र वाचलं. शिव्या दे, पण हळू दे.

खरं सांगू का, तुझं पत्र आधी वाचलं असतं तरी मी सही केली असती. इथे बोटीवर कुणाला सांगितलं की माझा भाऊ हल्ल्यात गेला, तर विचारतात, कुठल्या? दहा वर्षांत जगात इतके झालेत की आपला कुणाला आठवतही नाही. दादाचं नाव कुठेतरी खणून लिहिलेलं असावं, पुसलं न जाणारं, असं मला फार वाटतं. घराच्या समोर असेल तर याहून चांगलं काय?

आणि हजेरीचं म्हणशील, तर ती बंद झालेलीच बरी. रोज सकाळी कुणा भलत्याच्या तोंडून ‘शिडी हजर’ ऐकायचं हा काय छंद झाला? खपली धरू तर द्यायला हवी. तू पण तिला फार लाडावून ठेवलंयस. थोडे दिवस चुकल्यासारखं वाटेल, मग रुळेल ती.

तिच्यात किती बळ आहे ते तुला जवळ राहून कळत नसेल. गेल्या वेळी फोनवर मी धीर करून विचारलं, दादाची आठवण येते का ग. तर पटकन म्हणाली, ‘आठवण कसली, ड्युटीवर आहे तो.’ जिने जन्मात कधी भाषण ऐकलं नाही ती बाई एका वाक्यात केवढं बोलून गेली. मी ते तसंच समितीला कळवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं की सगळ्यांना फार आवडलं, दगडावर नावांच्या वर तेच कोरणार आहेत. ‘ते अजून ड्युटीवर आहेत.’ आईला सांग, तुझं वाक्य दगडावर जातंय. खूश होईल.

बारक्या


१९ फेब्रुवारी

बारक्या,

आई काही मोठं बोलून गेली नव्हती. तिला खरंच वाटतं की दादा ड्युटीवर आहे.

आता तुला सगळं सांगते, कारण लपवून काही राहिलं नाही. दोनेक वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, मग दूध उतू गेलं तरी शेजारी उभी. वय झालं म्हणून मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस सकाळी उठली आणि विचारलं, ‘दादा अजून आला नाही का ग?’ मी तिला जवळ बसवून सांगितलं. अरे, ती पहिल्यांदाच ऐकत होती. तेच सगळं पुन्हा. खाली बसली, भिंतीवर हात आपटले, कुणी सांगितलं तुला, भाजला का तो, तू डोळ्यांनी पाहिलंस का, मला का नाही नेलं. दिवसभर रडून झोपली. सकाळी उठली आणि विचारलं, दादा अजून आला नाही का ग?

मी पुन्हा सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, खरं तेच सांगत चला. त्यांचं काय जातंय. पुन्हा तेच रडं. तिसऱ्या दिवशीही मी शहाण्यासारखी खरं बोलले. आपल्या तोंडाने रोज सकाळी दादाला मारायचं आणि रोज रात्री आईला निजवायचं, असं चाललं होतं. चौथ्या दिवशी तिने विचारलं आणि मला तोंडच उघडवेना. तेवढ्यात समोरून हाक आली. ‘शिडी?’ ‘हजर.’ आईने मान वळवली, म्हणाली, ‘पोचला पण. न खाता गेला बघ.’ आणि शांतपणे चहा प्यायली.

तेव्हापासून मी काही सांगत नाही. हजेरी झाली की तिचा दिवस सरळ जातो. ती दादाचा डबा भरते, मी म्हणते जाता जाता देते, आणि दुकानात बसून खाते. तू माझ्या वाढलेल्या वजनावर विनोद करत होतास ना, ते दादाचं जेवण आहे.

तुला सांगितलं नाही कारण तू बोटीवर. सांगून काय करणार होतास, पोहत येणार होतास? फोनवर ती तुझ्याशी नीट बोलते, तू हसतोस, ती हसते. म्हटलं एकाला तरी आई पूर्वीची मिळू दे.

तुझं पत्र आल्यावर समितीकडे गेले. ठरवून गेले होते की तुझी सही मागे घेतो आहोत असं सांगायचं. तिथे मास्तरीणबाई होत्या. बाजारात तिसऱ्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करायचे ते, त्यांच्या त्या बायको. दादा शिडीवरून ज्या खिडकीशी पोचला होता, ती त्यांचीच. सगळं धावपळीचं काम त्या एकट्या करतात. मी काही बोलायच्या आत मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला निदान अग्नी द्यायला माणूस मिळाला. मला एक मनगटी घड्याळ दिलं, तेही गिऱ्हाईकाचं निघालं. दहा वर्षं झाली, कुठे हात ठेवायला जागा नाही हो. एक दगड मिळतोय तो होऊ द्या.’

यावर काय बोलायचं तू सांग. तुमचा दगड नको, कारण माझ्या आईला रोज खोटं ऐकायचंय, असं म्हणू? मी चहा घेतला आणि परत आले.

केंद्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हलतंय.

ताई


११ मार्च

ताई,

पत्र वाचून मी खाली इंजिनखोलीत गेलो आणि नुसता उभा राहिलो. साहेबाने विचारलं काय बिघडलं, मी म्हटलं काही नाही. इथे काही बिघडलं तर मला कळतं, कुठला भाग काढायचा, कुठला घालायचा. तुझ्या पत्रापुढे मला काही कळेना.

तू तिला लाडावून ठेवतेस असं मी म्हणालो. ते मागे घेतो. ते दगडावरचं वाक्यही मागे घ्यायला निघालो होतो. समितीला विनंती केली, दुसरं काही लिहा. उत्तर आलं की अक्षरं खोदून झाली आहेत, आणि वाक्य इतकं आवडलंय की मंत्री तेच भाषणात घेणार आहेत.

पण हातपाय गाळून चालणार नाही. मी असा विचार केला. आईला काय लागतं, तर सकाळी चार हाका आणि चार हजर. ते आपण साठवून ठेवू शकतो. चालककाकांना गाठ. त्या दिवशी खाली गाडीत होते म्हणून वाचले, दादावर त्यांचा जीव होता, ते नाही म्हणणार नाहीत. केंद्र हलायच्या आत एखाद्या सकाळची हजेरी फोनवर भरून घ्यायला सांग. मग तो लहान स्पीकर बाल्कनीत कुठेतरी दडवून रोज वेळेवर लावायचा. सोपं काम आहे. आईला दिसत तर काही नाहीच, ऐकायचंच आहे.

माझ्याशी फोनवर ती हसते ते तरी खरं ना ग? मी कोण आहे ते तिला कळतं ना?

बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

तू कोण ते तिला चांगलं कळतं. तुझा एकही वांडपणा ती विसरलेली नाही. जुनं सगळं पक्कं आहे, तेच तर अवघड आहे.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. चालककाकांना सांगताना मलाच रडू आलं, ते आपले मान खाली घालून ऐकत होते. शेवटच्या आठवड्यात त्यांनी हजेरी भरून दिली. मग केंद्र हललं. फाटक, घंटा, बंब, सगळं एका दिवसात गेलं. दुसऱ्या सकाळी मी स्पीकर तुळशीच्या मोठ्या कुंडीमागे ठेवला आणि लावला. आई ऐकत होती. चहा प्यायली. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. वाटलं, जमलं. बारक्याने आयुष्यात एक काम धड केलं.

दोन-तीन दिवस छान गेले. मग एकदा म्हणाली, ‘त्या नळीवाल्याला औषध द्या कुणीतरी, रोज तिथेच खोकतो.’ मी हसले. त्यानंतर ती नीट कान देऊन ऐकायला लागली. तिला एरवी दम नसतो, पण ऐकायला बसली की ऐकते. एका सकाळी कुंडीकडे सरकली, वाकली, आणि ‘शिडी हजर’ झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, ‘हा माझा नाही.’

आपण दोघं किती मूर्ख बघ. रस्ता ओलांडून, भिंतीवरून येणारा आवाज कुणाचाही असू शकत होता. ती त्यात दादाला ऐकायची. आपण तो आवाज तिच्या कानाशी आणून ठेवला. आता तो त्या नव्या पोराचा आहे हे तिला स्वच्छ ऐकू आलं. इतके दिवस जे कळलं नव्हतं ते आपण कळवलं.

तेव्हापासून विचारते, ‘माझ्या पोराच्या जागी कुणाला घेतलं? काढून टाकलं का त्याला?’ मी म्हटलं, रजेवर आहे. ‘मग घरी का नाही?’ म्हटलं, बाहेरगावी प्रशिक्षणाला पाठवलंय. ‘कपडे कुणी भरले?’ म्हटलं, मी. उठली आणि दादाचं कपाट उघडलं. त्याचे सगळे शर्ट तिथेच, तिनेच घडी करून ठेवलेले. माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी गेलेच त्या खोलीतून. खोटं बोलायलाही अक्कल लागते रे, ती माझ्याकडे नाही.

स्पीकर काढून टाकलाय. सकाळी ती बाल्कनीत बसते. समोर दगड बसवायचं काम चालू आहे, त्याचा धडधड आवाज येतो. चहा गार होतो. डबा मात्र भरते.

ताई


१६ एप्रिल

ताई,

मी सुट्टी मागितली. बदली माणूस मिळेपर्यंत उतरू देत नाहीत, आणि तो मिळणार जूनमध्ये. स्मृतिदिनाला मी पोचत नाही. इथे समुद्रात हात चोळत बसण्यापलीकडे माझ्याकडे काही नाही, म्हणून हे अजून एकदा करून बघू.

त्या पोराचा आवाज तिने ओळखला, ठीक. पण माझा आवाज दादासारखा आहे. फोनवर तू सुद्धा फसायचीस. आठवतं ना, शाळेत मी भिंतीवरून उड्या मारत बसायचो आणि दादा माझ्या वर्गाच्या खिडकीखाली उभा राहून माझ्या नावाला हजर म्हणायचा. मास्तरांना वर्षभर पत्ता नव्हता. मग आईला कळलं आणि तिने दोघांनाही ओलं करून बाल्कनीत उभं केलं होतं. त्याने माझी हजेरी दिली, आता मी त्याची देतो.

मी इंजिन बंद असताना एका कोपऱ्यात उभा राहून ‘हजर’ म्हणून ठेवलंय. दोन-चार तऱ्हेने म्हटलंय, तुला योग्य वाटेल ते घे. तुझ्या फोनवर पाठवतोय. कुंडीमागे नको, लांब गच्चीवर ठेव. एकदाच करून बघ. माझ्यासाठी म्हणून.

बारक्या


९ मे

बारक्या,

तुला वर्तमानपत्राचा फोटो पाठवलाय कुणीतरी, असं तू फोनवर आईला म्हणालास. तू अभिमानाने म्हणालास की कसं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. म्हणून जे झालं ते लिहिते. त्या फोटोखाली लिहिलंय तसं काही झालं नाही.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी मी तुझा ‘हजर’ लावला. गच्चीवर, अगदी लांब. आईने ऐकला. उठून उभी राहिली, चेहरा एकदम उजळला, मला वाटलं देवा, लागू पडलं. मग म्हणाली, ‘हा तर बारक्या.’ आणि जरा थांबून, ‘दादाची हजेरी हा का देतोय?’ तीच आपली आपण हिशेब लावत बसली. बारक्या हजेरी देतोय म्हणजे दादा उशिरा आहे. साहेबांना कळलं तर खाडा मांडतील. दिवसभर ती तेच घोळत होती. या मुलांना एकदा शिक्षा केली तरी अक्कल आली नाही, म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी तिला घरात ठेवावं असं माझ्या मनात होतं. पण दारातच मांडव, बाल्कनीला लागून भोंगे. घरात काय आणि तिथे काय, ऐकू तेच येणार. म्हटलं निदान माझा हात धरून बसेल. समितीने पुढच्या ओळीत खुर्च्या ठेवल्या होत्या. आईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मास्तरीणबाई.

आधी बाजारात गेलेल्यांची नावं वाचली. फार वेळ लागला. चपलांचं दुकान चालवणारे बापलेक, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन आलेली म्हातारी, लग्नाचे कपडे घ्यायला आलेले चौघे एका घरचे. आई माझ्या कानाशी विचारत होती, ‘एवढे सगळे कुठे निघालेत ग?’ घड्याळवाल्यांचं नाव आलं तेव्हा मास्तरीणबाईंनी डोळे मिटले आणि आईचा हात धरला. कशाला धरला हे न कळताच आईने तो थोपटला.

मग नव्या केंद्राचे साहेब पुढे आले. तुकडी उभी राहिली. त्यांनी असं ठरवलं होतं की त्या दिवशीची हजेरी घ्यायची, गेलेल्यांच्या हाकेला कुणी उत्तर द्यायचं नाही, आणि ती शांतता म्हणजे मानवंदना. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, ‘चालक?’ चालककाका म्हणाले, ‘हजर.’ ‘पंप?’ कुणी बोललं नाही. ‘नळी?’ एवढी माणसं, पण खुर्ची करकरली तरी ऐकू येत होतं. ‘शिडी?’

आई उठली. मी पदर ओढला तर माझा हात झटकला. हात जोडून सगळ्यांसमोर म्हणाली, ‘साहेब, खाडा मांडू नका. निघालाय तो. बूट घालतोय. धाकट्याने त्याची हजेरी दिली ती धरू नका, तो द्वाड आहे. पण खाडा मांडू नका. माझा पोरगा कधी चुकला नाही हो, आजच उशीर झालाय.’

साहेबांनी हातातला कागद खाली केला. ते म्हणाले, ‘नाही मांडत, आई.’ चालककाका रांगेत उभे राहूनच रडत होते. मी तिला बसवलं. मागे सगळी माणसं हुंदके देत होती, आणि बँड सुरू झाला.

फोटोखाली लिहिलंय की वीरमातेने सांगितलं, माझा मुलगा आजही कर्तव्यावर निघाला आहे. लोक घरी येतात, फुलं देतात, तिच्या पाया पडतात. ती त्यांना विचारते, तुम्ही त्याच्याबरोबर असता का? सगळ्यांचे डोळे भरून येतात, आणि ते निघून जातात. मास्तरीणबाई तेवढ्या समजल्या. मांडव उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘मला माहीत असतं तर...’ माहीत असतं तरी काय झालं असतं? त्यांना तो दगड हवाच होता, आणि तो त्यांना मिळायलाच हवा होता. रोज सकाळी येतात, नावावर हात ठेवून बसतात. मला त्यांचा राग करता येत नाही. तुझाही येत नाही. इतकं सगळं झालं आणि राग करायला माणूस मिळू नये, याचा मला फार त्रास होतो.

आता आईला सकाळी बाल्कनी पुरत नाही. डबा घेऊन खाली उतरते, रस्ता ओलांडते, मी मागे. काल त्या दगडासमोर उभी राहिली आणि वरची ओळ बोटाने एकेक अक्षर लावून वाचली. ‘ते अजून ड्युटीवर आहेत.’ मग खाली शोधत शोधत दादाचं नाव सापडलं. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘इथे तर लिहिलंय. मग मला कुणी सांगितलं का नाही?’ चेहरा किती शांत झाला तुला काय सांगू. घरी येऊन जेवली, दुपारी झोपली. मला वाटलं बारक्याची चूकच शेवटी उपयोगी पडली. तुला तसं लिहायला बसणार होते.

आज पुन्हा गेली. ओळ वाचली. मग दगडाच्या मागे जाऊन पाहिलं, दोन्ही कडा पाहिल्या, खाली वाकून पायाशी पाहिलं. मी विचारलं काय शोधतेस. म्हणाली, ‘ड्युटीवर आहे ते कळलं. सुटतो कधी ते कुठे लिहिलंय?’

मास्तरीणबाईंना विचारलं, त्यांनी मान खाली घातली. पहारेकऱ्याला विचारलं, तो म्हणाला मला माहीत नाही आजी. मग मला विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी. ती तिथेच पायरीवर बसली, डबा मांडीवर घेऊन. उन्हं उतरेपर्यंत उठली नाही. मी दुकानात गेले नाही, शेजारी बसून राहिले. घरी आणलं तेव्हा म्हणाली, उद्या लवकर जाऊ, आज आपली चुकामूक झाली.

जूनमध्ये तू येशील, तेव्हा ती तुलाही हेच विचारेल. बोटीवर वेळ मिळाला तर काय सांगायचं ते ठरवून ये. मला तर काही सुचलेलं नाही.

तुझी ताई